विश्लेषण : तेलावर चालवलेले डिझेल इंजिन हवा का धरते? ती काढायची कशी?

डिजिटल डेस्क, हिंगोली

हरभरा फुलावर आलेला, शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आणि नदीकाठी ठेवलेले पाच हॉर्सपॉवरचे इंजिन हॅण्डल मारून मारून खांदा दुखला तरी बोलायला तयार नाही. टाकी भरलेली, इंजिन ऑइल बरोबर, मग बिघडले काय? कयाधू, पूर्णा किंवा पैनगंगेच्या काठावरच्या जुन्या शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक असते : इंजिनाने हवा धरली. पाना घ्यायचा, दोन-तीन ठिकाणचे नट ढिले करायचे, हवा काढायची आणि पुन्हा हॅण्डल मारायचे.

डिझेलवर हे वर्षातून दोन-चारदा होते. मात्र डिझेलचा खर्च वाचावा म्हणून जे हेच इंजिन करंजाच्या, सोयाबीनच्या किंवा तळून उरलेल्या तेलावर चालवू पाहतात, त्यांच्या वाट्याला हे दुखणे आठवड्यातून दोनदाही येते. समाजमाध्यमांवर ‘गोड्या तेलावर इंजिन’ दाखवणाऱ्या व्हिडीओंना तोटा नाही. त्या व्हिडीओंत इंजिन नेहमी सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले, ते कोणी दाखवत नाही.

हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांचे पाणी पोहोचते तेवढा भाग सोडला, तर बाकी भिस्त विहीर, बोअर आणि नदी-ओढ्यांवर. सौर पंप वाढत आहेत, तरी कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक डिझेल इंजिन असलेले बरे, असे मानणारे अजून बरेच आहेत. हळदीचा हंगाम आला की पॉलिशच्या ड्रमलाही तेच जोडले जाते. त्यामुळे हा प्रश्न केवळ हौशी प्रयोगाचा नाही. पाण्याची एक पाळी चुकली तर नुकसान थेट पिकाचे आहे.

हवेचा एक बुडबुडा एवढे मोठे इंजिन कसे बंद पाडतो?

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि त्या गरम हवेत इंधन बारीक तुषारांच्या रूपात फवारले की ते आपोआप पेटते. हे तुषार उडवण्यासाठी फ्युएल पंपातला प्लंजर इंधन ढकलतो आणि शेतीच्या लहान इंजिनांत साधारण २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब झाला की नोझलची सुई उघडते.

आता एका फवाऱ्यात इंधन किती जाते, ते पाहू. पाच हॉर्सपॉवरचे, मिनिटाला १,५०० फेरे घेणारे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे १.१ लिटर डिझेल पिते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकच फवारा, म्हणजे तासाला ४५ हजार फवारे. भागाकार केला की एका फवाऱ्याला सुमारे २५ घन मिलिमीटर इंधन येते. पाण्याच्या एका थेंबाच्या जेमतेम निम्मे. ज्वारीच्या दाण्याएवढा, ४ मिलिमीटर व्यासाचा हवेचा बुडबुडा घेतला तर त्याचे आकारमान ३३ घन मिलिमीटर भरते. म्हणजे दाण्याएवढा बुडबुडा इंधनाच्या एका अख्ख्या फवाऱ्यापेक्षा मोठा आहे.

इंधन दाबले तरी जवळपास आक्रसत नाही. हवा मात्र स्पंजासारखी. प्लंजर वर आला की बुडबुडा दबतो, खाली गेला की पुन्हा फुगतो. प्लंजरची सगळी मेहनत त्या बुडबुड्याला दाबण्यात खर्ची पडते, दाब २०० पर्यंत चढतच नाही, सुई उघडत नाही आणि नोझलमधून काहीच बाहेर येत नाही. आपण हॅण्डल मारत राहतो, पंप हवेशी खेळत राहतो.

तेल आले की हे दुखणे का बळावते?

याचे मूळ तेलाच्या दाटपणात, म्हणजे श्यानतेत आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची श्यानता भारतीय मानकाप्रमाणे २ ते ४.५ सेंटीस्टोक असते. त्याच तापमानाला बहुतेक वनस्पती तेलांची ३० ते ४० भरते. ढोबळमानाने दहापट. हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांकडे झुकतो तेव्हा तेल आणखी घट्ट होते. हॉटेलातून आणलेल्या तळणीच्या तेलात पाम तेल असेल तर ते तुपासारखे थिजते.

दाट तेलात बुडबुडा सहज वर येत नाही. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार बुडबुड्याचा वर येण्याचा वेग श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. ०.३ मिलिमीटरचा बारीक बुडबुडा डिझेलमध्ये सेकंदाला साधारण दीड सेंटिमीटर चढतो, तर कोमट तेलात जेमतेम दीड मिलिमीटर. फिल्टरच्या वाटीची दहा सेंटिमीटर उंची पार करायला डिझेलमध्ये सहा-सात सेकंद पुरतात, तेलात मिनिटाहून जास्त लागते. गार तेलात त्याच्याही दुप्पट. डिझेलच्या सवयीने हवा काढणारा माणूस इथेच फसतो. बुडबुडे थांबले असे वाटून तो नट आवळतो. प्रत्यक्षात निम्मे बुडबुडे अजून वाटेतच असतात.

दुसरे कारण नळीचे. बारीक नळीतून किती द्रव वाहील हे श्यानतेवर आणि नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरते. दहापट दाट तेल तेवढ्याच उतारावरून तेवढेच वाहायला हवे असेल, तर ६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीऐवजी सुमारे ११ मिलिमीटरची नळी लागते. ती बदलली नाही तर टाकीतून उतरणारे तेल पंपाला पुरत नाही. पंप ओढत राहतो आणि नळीत ओढ, म्हणजे निर्वात, तयार होतो. मग जिथे सांधा किंचित ढिला आहे तिथून बाहेरची हवा आत शिरते. गंमत अशी की अशा सांध्यातून तेलाचा थेंबही बाहेर गळत नाही. वरून सगळे कोरडे ठणठणीत, आत मात्र गळती सुरू.

फिल्टर तुंबला की ही ओढ वाढते. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असते. तेलकट धुळीने ते बुजले तरी तोच परिणाम होतो : तेल खाली उतरते तसा टाकीत निर्वात वाढतो, तासाभराने इंजिन गुदमरून थांबते, झाकण उघडले की फुस्स आवाज येतो आणि पुन्हा चालू लागते. या एका भोकापायी पंप खोलून घेतलेली माणसे कमी नाहीत.

रबराचेही एक आहे. डिझेलवर वर्षानुवर्षे टिकलेली साधी रबरी नळी तेलात, विशेषतः गरम तेलात, फुगते किंवा कडक होऊन क्लिपखाली ढिली पडते. तांब्याचा संपर्क तेलाला मानवत नाही. तांब्यामुळे तेल हवेतला ऑक्सिजन लवकर घेते आणि चिकट राळेसारखे बनते. नेमके हवा काढायच्या नटांखाली तांब्याचे वॉशर असतात. एकच वॉशर पुन्हा पुन्हा वापरले आणि त्यावर राळ बसली, तर नट कितीही आवळला तरी सांधा बसत नाही.

मुळात हे इंजिन तेलावर चालते का?

चालते, आणि ही कल्पना इंजिनाएवढीच जुनी आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. ही आठवण पुढे १९१२ मध्ये खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी सांगितली. नंतर स्वस्त खनिज डिझेल आले आणि पंप, नोझल, फिल्टर सगळे त्या पातळ इंधनाच्या मापाने घडले.

आपल्या शेजारचे उदाहरण नांदेड-यवतमाळच्या पलीकडचे आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील पॉवरगुडा या गोंड गावातील महिला बचत गटांनी करंजाची लागवड केली आणि गावात बियांचे तेल काढण्याची यंत्रणा उभी राहिली. या तेलामुळे डिझेलची जी बचत होणार होती, त्यापोटी २००३ मध्ये त्यांनी जागतिक बँकेला १४७ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उत्सर्जनकपात ६४५ डॉलरला विकली. त्याआधी बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी तुमकूर जिल्ह्यातील कग्गनहळ्ळी येथे करंजाच्या तेलावर जनरेटर चालवून बोअरवेलचे पाणी उपसण्याचा प्रकल्प केला. कन्नडमध्ये करंजाला होंगे म्हणतात.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. बायोडिझेल म्हणजे नुसते तेल नव्हे. तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले की जे पातळ इंधन उरते ते बायोडिझेल. त्याची श्यानता डिझेलच्या जवळ असते, त्यामुळे हवेचा त्रासही डिझेलइतकाच. आपण बोलतोय ते प्रक्रिया न केलेल्या, नुसत्या गाळलेल्या तेलाबद्दल.

असे तेल वापरायचे तर दोन टाक्यांची पद्धत लागते. एका टाकीत डिझेल, दुसरीत तेल, मध्ये दोन्हीकडे फिरणारा कॉक. इंजिन डिझेलवर सुरू करायचे, तापू द्यायचे, तेल गरम झाले की कॉक फिरवायचा आणि बंद करण्याआधी पाच-दहा मिनिटे पुन्हा डिझेलवर आणायचे. तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापवले की त्याची श्यानता दहा-बारापर्यंत उतरते. मोटारीत यासाठी रेडिएटरचे गरम पाणी वापरतात. शेतातल्या अनेक इंजिनांत पंपाचेच वाहते पाणी थंडाव्यासाठी फिरवलेले असते. ते बाहेर पडताना जेमतेम कोमट असते. म्हणून इथे सायलेन्सरच्या उष्णतेवर तेल तापवावे लागते. तिथे तापमान हाताबाहेर जाऊ शकते आणि तेलात पाण्याचा अंश असेल तर त्याची वाफ होऊन नळीत नवेच बुडबुडे तयार होतात. हे हवेचे बुडबुडे नव्हेत, पण प्लंजरला काय फरक पडतो?

पाणी ओळखायला प्रयोगशाळा नको. थोडे तेल पळीत घेऊन तापवावे. फोडणीत ओली मिरची पडल्यासारखे तडतडले तर पाणी आहे.

हवा काढायची कशी?

नियम एकच : टाकीकडून नोझलकडे. मधला टप्पा गाळून पुढचा घेतला तर मागची हवा पुन्हा पुढे येते. आणि सुरुवात कायम डिझेलच्या बाजूने करावी, तेलाच्या नव्हे.

आधी टाकी निम्म्याच्या वर भरावी, झाकणाचे भोक काडीने साफ करावे, सांध्यांवरची धूळ फडक्याने पुसून घ्यावी. नट उघडल्यावर आत जाणारा मातीचा एक कण नोझल बसवायला पुरेसा असतो. मग टाकीचा कॉक उघडून फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन-तीन आटे ढिला करावा. टाकी उंचावर असेल तर डिझेल आपोआप येते. हातपंप असेल तर तो दाबत राहावे. आधी फेस, मग बुडबुड्यांची माळ, मग अखंड धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळावा, थांबल्यावर नव्हे. नंतर हेच फ्युएल पंपावरच्या स्क्रूला करावे.

शेवटचा टप्पा नोझलच्या पाइपाचा. नोझलकडच्या टोकाचा नट एक-दीड आटा ढिला करायचा, डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलायचा, इंधनाचा लिव्हर पूर्ण पुढे ठेवायचा आणि हॅण्डल सावकाश फिरवायचे. नटापाशी आधी फसफस होते, मग प्रत्येक दुसऱ्या फेऱ्याला इंधनाची ठसठशीत उचकी येते. तशा चार-पाच उचक्या बिनबुडबुड्याच्या आल्या की नट आवळावा. आता हॅण्डल फिरवताना नोझलमधून ‘कर्र’ असा कोरडा आवाज येऊ लागतो. जाणते मिस्त्री कान तिथेच लावून बसतात. तो आवाज आला की हवा गेली.

इंजिन डिझेलवर सुरू होऊन तापले की मग तेलाची बाजू. दोन्ही टाक्यांच्या मधल्या कॉकपर्यंतची नळी आणि तेलाचा फिल्टर, तेल गरम असतानाच, कॉक फिरवण्याच्या आधी मोकळा करून घ्यायचा. इथे घाई करू नये. धार अखंड दिसली तरी स्क्रू आवळून दोन-तीन मिनिटे थांबावे, मागे राहिलेले बारीक बुडबुडे वर जमू द्यावेत आणि पुन्हा एकदा उघडून काढावेत. दुसऱ्या खेपेला निघणारा फेस पाहिला की पहिल्यांदा किती हवा उरली होती ते कळते. आणि पंपाकडून परत येणारी जादा तेलाची नळी फिल्टरच्या पुढे जोडलेली असेल, तर काढलेली हवा फिरून तिथेच येते. ती टाकीत वरच्या बाजूला सोडावी.

एका गोष्टीवर तडजोड नाही. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना त्यासमोर हात किंवा बोट धरू नये, सुरू इंजिनाच्या पाइपाची गळती बोटाने चाचपू नये. २०० किलोच्या दाबाचा तुषार कातडीतून थेट आत जातो. वर फक्त टाचणीएवढे टोचल्यासारखे दिसते, फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो. आतमध्ये इंधन ऊतींत पसरलेले असते आणि उशीर झाला तर बोट कापण्याची वेळ येते. असे झाले तर हळद लावून बसू नये. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि दाबाने इंधन घुसले आहे असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

हवाच आहे की दुसरे काही?

सायलेन्सरकडे पाहावे. हॅण्डल मारताना धूर अजिबात नसेल तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही : हवा, बंद कॉक किंवा तुंबलेला फिल्टर. पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही, तर इंधन पोहोचते आहे, पेटत नाही. आदल्या संध्याकाळी डिझेलवर न आणताच इंजिन बंद केले असेल तर बहुतेक हेच होते, कारण पंपात आणि नोझलमध्ये गार तेल बसलेले असते. तिथे कितीही नट ढिले केले तरी उपयोग नाही. डिझेलने ते तेल पुढे ढकलून काढावे लागते. इंजिन सुरू होऊन एका लयीत चालण्याऐवजी चढते-उतरते आणि थांबते, तर हवा अजून येतेच आहे.

अशी हवा रोज काढावी लागत असेल तर ती काढत बसण्यात अर्थ नाही, ती येते कुठून ते शोधावे. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग एकेका सांध्यावर ग्रीसचा जाड थर द्यावा. ज्या सांध्यावर ग्रीस लावताच बुडबुडे थांबले, तोच गुन्हेगार.

कोणते तेल, कोणते इंजिन?

मराठवाड्यातले जुने गोडे तेल करडईचे. इंजिनासाठी मात्र ते आणि जवसाचे तेल सर्वांत वाईट. ही ‘वाळणारी’ तेले आहेत, हवेत उघडी राहिली की त्यांचा पापुद्रा बनतो. जवसाच्या तेलाचे रोगण होते ते याच गुणामुळे. तोच पापुद्रा नोझलवर आणि पिस्टनच्या रिंगांवर बसतो, आणि तेल गळून इंजिन ऑइलमध्ये गेले तर ते ऑइलही दाट होत जाते. या तेलांनी भिजलेली फडकी ढीग करून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात, हेही जाता जाता. सोयाबीन मधल्या वर्गात येते. भुईमूग आणि करंज त्यामानाने बरे. पण किराणा दुकानात भुईमूग-सोयाबीनचे तेल डिझेलहून महाग असताना ते इंजिनात ओतण्याचा हिशेब कुठेच बसत नाही. देश आपल्या गरजेचे निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो, ते वेगळेच.

राहिले तळणीचे तेल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अशा तेलापासून बायोडिझेल करण्यासाठी ‘रुको’ उपक्रम सुरू केला. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या खाद्य व्यावसायिकांना त्याच्या विल्हेवाटीची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे मोठ्या हॉटेलातून ते परस्पर उचलणे सोपे राहिलेले नाही.

इंजिनाबाबत माझे मत स्पष्ट आहे : जुने, सावकाश चालणारे, साध्या पंपाचे, एका सिलिंडरचे स्थिर इंजिन असेल तरच हा विचार करावा. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या ट्रॅक्टर-जीपमध्ये नाही. तिथे दाब हजार किलोच्या पुढे असतो, पाना घेऊन नट ढिला करायचा प्रश्नच येत नाही, आणि रस्त्यावरच्या वाहनाचे इंधन परस्पर बदलणे मोटार वाहन कायद्यातही बसत नाही.

करंजाचा हिशेब मात्र करून पाहण्यासारखा आहे. घाण्यावर साधारण चार किलो बियांतून एक किलो तेल निघते. लिटरमागे ऊर्जा डिझेलहून चार-पाच टक्के कमी, म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तासाला सव्वा लिटरच्या आत तेल, अर्थात साडेचार किलोच्या आसपास बी. आठ तासांच्या एका पाळीला पस्तीस-छत्तीस किलो. बांधावर आणि ओढ्याकाठी करंज आहेत, शेंगा उन्हाळ्यात वेचता येतात, पण त्या वेचायच्या, फोडायच्या, घाण्यापर्यंत न्यायच्या मजुरीचा आकडा यात धरलेला नाही. उरलेली पेंड कडू असते, ती जनावरांपुढे टाकू नये. हळदीच्या वाफ्यात खत म्हणून चालते.